आतली बातमी सांगणारा माणूस

कोणत्याही विज्ञानकथा मालिकेच्या चाहत्यांमध्ये काही काळ वावरले की एक माणूस हमखास भेटतो. त्याचे खरे नाव सहसा कोणाला ठाऊक नसते. त्याच्या ओळखीचे कोणीतरी स्टुडिओत काम करते, कोणाचा तरी मेहुणा संकलनाच्या खोलीत बसतो, किंवा एखाद्या खासगी समारंभात कोणीतरी त्याच्या कानात काही सांगून गेलेले असते. "सगळे सांगता येणार नाही, पण येत्या काही आठवड्यांत मोठी घोषणा होणार आहे, एवढे लक्षात ठेवा," हे त्याचे ठरलेले वाक्य. आठवडे उलटतात, घोषणा होत नाही, आणि तेच वाक्य नव्या मुदतीसह पुन्हा ऐकू येते. तरी त्याच्याभोवतीची गर्दी ओसरत नाही. 'डॉक्टर' हा जिचा नायक आहे आणि ती भूमिका दर काही वर्षांनी नवा नट करतो, त्या 'डॉक्टर हू' या ब्रिटिश मालिकेवर माझे मनापासून प्रेम आहे, आणि त्या प्रेमापोटीच अशा माणसाच्या शब्दावर विसंबायला मी तयार नसतो. माझी ही भूमिका काहींना रूक्ष वाटते, काहींना ती इतरांच्या आनंदावर विरजण घालणारी वाटते. म्हणून तिच्यामागची कारणे एकदा सविस्तर मांडावीत असे बरेच दिवस मनात होते.

या मालिकेच्या चाहत्यांमध्ये अफवांना इतका भाव का येतो, हे समजण्यासाठी तिच्या इतिहासातील एक मोठी जखम माहीत असावी लागते. २३ नोव्हेंबर १९६३ रोजी बीबीसीवर ही मालिका सुरू झाली. त्या काळी कार्यक्रम दोन इंच रुंदीच्या व्हिडिओ टेपवर ध्वनिचित्रित होत. ही टेप महाग असे आणि पुसून पुन्हा वापरता येई. नटांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे पुनःप्रसारणावर मर्यादा होत्या, रंगीत दूरचित्रवाणी आल्यावर कृष्णधवल भागांना गिऱ्हाईक उरले नव्हते, आणि घरोघरी चित्रफिती विकण्याचा धंदा उद्या उभा राहील हे कोणाच्या गावीही नव्हते. त्यामुळे टेपा पुसल्या गेल्या. परदेशी विक्रीसाठी या भागांच्या सोळा मिलिमीटरच्या फिल्म-प्रती काढल्या जात. या प्रती एका देशातून दुसऱ्या देशात फिरत, आणि प्रसारणाच्या हक्काची मुदत संपली की त्या परत पाठवणे, पुढच्या देशाला देणे किंवा नष्ट करणे बंधनकारक असे. लंडनमध्ये परत आलेल्या प्रतीही १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत नष्ट होत राहिल्या. पहिल्या सहा वर्षांत एकूण २५३ भाग प्रसारित झाले होते. २०११ च्या अखेरीस त्यांपैकी १०६ भागांची एकही चित्रमय प्रत कोणाला ठाऊक नव्हती.

दुसरी जखम मौनाची आहे. ६ डिसेंबर १९८९ रोजी सव्विसाव्या पर्वाचा शेवटचा भाग दाखवला गेला, पण मालिका बंद झाली असे त्या वेळी कोणी स्पष्ट शब्दांत सांगितले नाही. ती परत येईल, थोडा वेळ लागेल, नव्या निर्मात्यांशी बोलणी चालू आहेत, अशाच स्वरूपाची उत्तरे मिळत राहिली. १९९६ मधील एक दूरचित्रवाणी चित्रपट सोडला तर पडद्यावर नवा असा पूर्ण भाग २००५ पर्यंत आला नाही. या प्रदीर्घ काळात एक अख्खी पिढी कुजबुजीवर जगली. कोणता स्टुडिओ हक्क विकत घेणार, कोणता नट प्रमुख भूमिका करणार, हॉलिवूडचा चित्रपट कधी सुरू होणार, यांवर तर्क लढवणे हाच मालिका जिवंत ठेवण्याचा मार्ग उरला होता. त्या पिढीला मी दोष देत नाही. अधिकृतपणे बोलणारा माणूस तोंड उघडत नसेल तर अनधिकृतपणे बोलणाऱ्याकडे कान जाणारच. पण भूक लागलेली असताना जडलेली सवय पोट भरल्यावरही सुटली नाही, हे मात्र खरे.

या साऱ्याचा कळस २०१३ साली झाला. मालिकेला पन्नास वर्षे पूर्ण होण्याचे ते वर्ष होते. वर्षाच्या सुरुवातीपासूनच चाहत्यांमध्ये एक वदंता पसरू लागली: जुन्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांचा शोध घेत आफ्रिकेत फिरणाऱ्या एका माणसाला हरवलेल्या भागांचा प्रचंड साठा मिळाला आहे. पाच-दहा नव्हे, जवळजवळ सगळेच भाग. आकडा दर आठवड्याला बदलत असे, पण नव्वदीच्या आसपास रेंगाळत असे. कोणी म्हणे प्रती इंग्लंडमध्ये पोहोचल्या आहेत, कोणी म्हणे त्या साफ करण्याचे काम चालू आहे, कोणी म्हणे बीबीसी आणि शोधकर्ता यांच्यात पैशांवरून अडले आहे. या सगळ्या तऱ्हांना सामावून घेणारी एकच महा-अफवा तयार झाली, आणि तिला तसेच नावही पडले. घोषणेचे दिवस ठरले, टळले, पुन्हा ठरले. दरम्यान शोध घेणारे फिलिप मॉरिस यांच्या संस्थेने आपल्याकडे या मालिकेचा एकही हरवलेला भाग नसल्याचे जाहीर केले. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात रविवारच्या एका ब्रिटिश वृत्तपत्राने शंभराहून अधिक भाग इथिओपियात सापडल्याची बातमी छापली.

११ ऑक्टोबरला खरी बातमी बाहेर आली. भाग सापडले होते, मात्र नऊच. ठिकाण इथिओपियातले नव्हते. नायजेरियातील जोस या शहरातल्या दूरचित्रवाणीच्या सहप्रक्षेपण केंद्राच्या अडगळीच्या खोलीत त्या फिल्म धूळ खात पडल्या होत्या. डब्यांवर चिकटवलेल्या पट्टीवरची धूळ पुसताना मालिकेचे नाव दिसले आणि काळजाचा ठोका चुकला, असे मॉरिस यांनी नंतर सांगितले. 'द एनिमी ऑफ द वर्ल्ड' ही सहा भागांची कथा पूर्ण झाली. त्या कथेत पॅट्रिक ट्रॉटन यांनी डॉक्टर आणि त्याच्यासारखाच दिसणारा खलपुरुष अशा दोन्ही भूमिका केल्या आहेत, आणि एक भाग सोडला तर पंचेचाळीस वर्षे फक्त आवाजावरून ओळखीचे असलेले हे काम प्रथमच पूर्णपणे डोळ्यांनी पाहता आले. 'द वेब ऑफ फिअर' या लंडनच्या भुयारी रेल्वेत घडणाऱ्या कथेचा पहिला भाग आधीपासून होता, आता आणखी चार मिळून सहापैकी पाच भाग झाले. हरवलेल्या भागांची संख्या १०६ वरून ९७ झाली. एवढ्या मोठ्या संख्येने भाग एकदम मिळाल्याचे उदाहरण कित्येक वर्षांत नव्हते. तो दिवस निखळ आनंदाचा असायला हवा होता.

अनेकांसाठी तो तसा नव्हता, आणि अफवांविषयी माझ्या मनात जो राग आहे त्याचे मूळ इथेच आहे. ज्यांनी वर्षभर नव्वद हा आकडा उराशी बाळगला होता, त्यांना नऊ भाग म्हणजे फसवणूक वाटली. 'मार्को पोलो' ही हरवलेली कथा कुठे आहे? 'द टेन्थ प्लॅनेट'चा शेवटचा भाग कुठे आहे? बाकीचे दडवून का ठेवले आहेत? धुळीने माखलेल्या डब्यांमधून ज्या माणसाने नऊ भाग वाचवून आणले, त्याच्याकडे आभाराऐवजी हिशेब मागितला जाऊ लागला. जे कधी कोणाच्या हाती नव्हतेच ते हिरावून घेतल्याचे दुःख लोकांना झाले. अफवा खोटी ठरली की फार तर निराशा पदरी पडते, असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण आठवावे. इथे खऱ्याची किंमतच कमी झाली होती.

दुसरा परिणाम अधिक खोल आहे. महा-अफवेतील एक अंश खरा निघाला. आफ्रिका खरी, शोध घेणारा माणूस खरा, सापडलेल्या फिल्म खऱ्या, आणि संस्थेने केलेला इन्कार वस्तुस्थितीला धरून नव्हता. आता आग असल्याशिवाय धूर निघत नाही असे म्हणणाऱ्यांना कायमचा पुरावा मिळाला. तेव्हाही नाकारले होते आणि तरी भाग निघाले, मग आज नाकारतात याचा अर्थ आजही काही आहे, असा युक्तिवाद त्यानंतर कित्येक वर्षे मी ऐकत आलो आहे. त्यातील तर्कदोष नीट पाहिला पाहिजे. ज्याच्याकडे भाग आहेत आणि करारामुळे ज्याला बोलता येत नाही, तो "माझ्याकडे काही नाही" असेच म्हणेल. ज्याच्याकडे खरोखर काही नाही, तोही तेच म्हणेल. म्हणजे २०१३ च्या अनुभवातून फार तर एवढेच सिद्ध होते की इन्कारातून कोणत्याच बाजूने काही कळत नाही. पण इन्कारातून काही कळत नाही इथपासून इन्कार म्हणजेच होकार इथपर्यंतची उडी माणसे इतक्या सहज मारतात, की मारताना पाय जमिनीवरून सुटल्याचे त्यांना जाणवतही नाही. अशा मांडणीत अफवा खोटी ठरण्याची वाटच बंद होते. घोषणा झाली तर ती खरी, झाली नाही तर कोणीतरी लपवते आहे, कोणी नाकारले तर नक्कीच लपवते आहे. जे विधान कोणत्याही घटनेने खोटे पडू शकत नाही, त्याला बातमी म्हणायला माझी तयारी नाही.

मी अधिकृत निवेदनांचा भाट आहे असे मात्र कोणी समजू नये. २००५ साली मालिका परतली तेव्हाचा एक प्रसंग मी कधी विसरत नाही. नव्या पर्वाचा पहिला भाग २६ मार्चला दाखवला गेला आणि अवघ्या चार दिवसांत नवे डॉक्टर ख्रिस्तोफर एक्लस्टन एकाच पर्वानंतर भूमिका सोडणार असल्याची बातमी फुटली. बीबीसीने ती मान्य केली आणि एकाच साच्याच्या भूमिकांत अडकण्याची भीती हे कारण त्यांच्या तोंडी घातले. पुढच्या काही दिवसांतच बीबीसीला माफी मागावी लागली. ते शब्द एक्लस्टन यांचे नव्हते, निवेदन काढण्यापूर्वी त्यांची संमती घेतलेली नव्हती, आणि ते एकच पर्व करणार हे जाहीर न करण्याचा जो करार जानेवारीत झाला होता तोही मोडला गेला होता. या प्रकरणात फुटलेली बातमी खरी होती आणि अधिकृत निवेदनातील शब्द बनावट होते. तेव्हा संशय घ्यायचा तर तो दोन्ही दिशांना घेतला पाहिजे. सांगणारा कोण आहे याइतकेच, त्याला हे कसे कळले आणि आपल्याला ते पडताळता येईल का, हेही विचारले पाहिजे. शिक्का मारलेल्या कागदालाही हे प्रश्न लागू आहेत.

या प्रश्नांमुळे आणखी एक भेद स्पष्ट होतो, जो चाहत्यांच्या बोलण्यात सतत पुसला जातो. फुटलेली गोष्ट आणि अफवा या दोन वेगळ्या जाती आहेत. मार्च २००५ मध्ये नव्या पर्वाचा पहिला भाग प्रसारणापूर्वीच इंटरनेटवर आला. परीक्षणासाठी दिलेली प्रत कॅनडातून बाहेर पडली होती. जुलै २०१४ मध्ये आठव्या पर्वाच्या पाच भागांच्या संहिता फुटल्या, आणि पाठोपाठ पहिल्या भागाची कच्ची, कृष्णधवल, वर खुणेचा ठसा असलेली प्रतही फिरू लागली. या साऱ्या वस्तू होत्या. त्या उघडून पाहता येत, त्यांतील संवाद पुढे प्रसारित झालेल्या भागाशी ताडून पाहता येत, त्या कोणाच्या हातून निसटल्या याचा माग काढता येई. त्या पाहाव्यात की नाही हा नीतीचा प्रश्न आहे, आणि मी त्या पाहत नाही. पण त्या होत्या याविषयी वाद नाही. आतली बातमी सांगणाऱ्या माणसाकडे अशी वस्तू कधीच नसते. त्याच्याकडे एक वाक्य असते, आणि त्या वाक्याला टेकू म्हणून दुसऱ्या कोणाचे तरी वाक्य असते. त्याने संहिता पाहिलेली असते, पण एकही ओळ त्याला उद्धृत करता येत नाही. त्याने फिल्मचे डबे पाहिलेले असतात, पण छायाचित्र घेण्याची तेवढी मनाई असते. खऱ्या फुटीमुळे चित्रीकरण करणाऱ्यांचे नुकसान होते हे उघड आहे. अफवेच्या माणसाला मात्र त्या फुटींची पत फुकटात वापरायला मिळते. अमुक साली संहिता फुटल्या होत्याच ना, असे म्हणून तो आपल्या वाक्याला वजन मिळवून देतो.

नवा डॉक्टर कोण होणार, हा प्रश्न दर तीन-चार वर्षांनी येतो आणि प्रत्येक वेळी हाच खेळ पाहायला मिळतो. २०१७ साली तेव्हाचे डॉक्टर पीटर कपाल्डी निघाले तेव्हा नट क्रिस मार्शल यांचे नाव सट्टेबाजांच्या याद्यांत आघाडीवर होते, आणि त्यांची निवड झाल्याचे वृत्तपत्रांतूनही येऊन गेले. अनेकांना ते आतून कळलेले होते. १६ जुलैला विम्बल्डनचा पुरुषांचा अंतिम सामना संपल्यावर एक छोटी चित्रफीत दाखवली गेली. तिच्यात झाडीतून चालत येणाऱ्या व्यक्तीच्या डोक्यावरचे आवरण मागे सरले आणि जोडी व्हिटेकर यांचा चेहरा दिसला. मार्शल यांच्याबद्दल छातीठोकपणे बोलणाऱ्यांपैकी किती जणांनी त्यानंतर "माझी माहिती खोटी होती" असे म्हटले? माझ्या पाहण्यात तरी कोणी आले नाही. शेवटच्या क्षणी निर्णय फिरला, बोलणी फिसकटली, मुद्दाम खोटी बातमी पेरून फुटीर शोधण्यात आला, अशी स्पष्टीकरणे तेवढी पुढे आली. दहा खडे मारले की एखादा लागतोच. लागलेला खडा वर्षानुवर्षे दाखवला जातो आणि चुकलेले नऊ कोणी मोजत नाही.

म्हणून मी एक वही ठेवली आहे. कोणी छातीठोक विधान केले की त्याची तारीख, नेमके शब्द आणि ते कधीपर्यंत खरे ठरायला हवे याची मुदत मी तिच्यात लिहितो. विधान करणाऱ्याने काय पणाला लावले आहे हेही लिहितो, आणि बहुतेक वेळा तो रकाना कोराच राहतो. ही वही कोणाला खिजवण्यासाठी नाही, ती मी आजवर कोणाला दाखवलेलीही नाही. पण लिहून ठेवल्यामुळे एक गोष्ट लख्ख दिसते: अफवा जसजशी जुनी होते तसतसे तिचे शब्द बदलतात आणि तिच्यावरचा विश्वास मात्र तसाच राहतो. "सापडले आहेत" याचे आधी "सापडल्याचे कळते" होते, मग "शोध लागला होता पण व्यवहार अडला" असे होते, आणि शेवटी "कोणाकडे तरी आहेत हे सगळ्यांनाच ठाऊक आहे" इथे येऊन ते स्थिरावते. स्मरणावर भिस्त ठेवली तर हा उतार लक्षात येत नाही. दर वेळी शेवटचे रूपच पहिल्यापासूनचे वाटते.

माझ्याशी वाद घालणारे मित्र एक गोष्ट वारंवार सांगतात, आणि ती मी गांभीर्याने घेतो. ते म्हणतात, यात कोणाचे काय बिघडते? दोन पर्वांच्या मधल्या रिकाम्या काळात लोक एकत्र बोलतात, तर्क करतात, स्वप्ने पाहतात. अफवेमुळे ही मंडळी बांधलेली राहतात. तर्क करण्याविषयी माझी काडीमात्र तक्रार नाही. मला स्वतःला तो अतिशय आवडतो. एखाद्या कथेचा प्रसारणक्रम, तिच्या प्रती कोणत्या देशांना विकल्या गेल्या, त्या देशाने त्या पुढे कोणाला पाठवल्या, यावरून एखादी प्रत आज कुठे असू शकेल याचा अंदाज बांधण्यात मी तासन्‌तास रमतो. पण तो अंदाज आहे हे मी सांगतो आणि तो कशावर बांधला हेही सांगतो, त्यामुळे समोरच्याला तो मोडून काढता येतो. आतली बातमी सांगणारा माणूस हीच वाट बंद करतो. त्याच्या विधानाला उत्तर देण्याचे साधन इतरांकडे नसते, कारण आधार त्याच्या एकट्याच्या कानात असतो. मग चर्चेत बरोबरीचे लोक उरत नाहीत. एक जाणणारा आणि बाकीचे याचक, अशी रचना तयार होते. ज्यांनी वर्षानुवर्षे अभ्यास केला त्यांचे म्हणणे मागे पडते आणि ज्याने फक्त सूचक मौन पाळले त्याचे म्हणणे पुढे येते. बिघडते ते हे.

खरे शोध कसे लागले याचा इतिहास पाहिला की हा अन्याय अधिकच टोचतो. जानेवारी १९९९ मध्ये 'द क्रुसेड' या कथेचा पहिला भाग न्यूझीलंडमधील एका फिल्म-संग्राहकाकडे मिळाला. आपल्याकडची प्रत जगात एकमेव आहे हे त्याला ठाऊकच नव्हते. ते तिथल्या चाहत्यांनी ओळखले. डिसेंबर २०११ मध्ये जाहीर झालेले दोन भाग इंग्लंडमधील एका निवृत्त अभियंत्याकडे होते. त्याने ते बऱ्याच वर्षांपूर्वी एका शाळेच्या जत्रेत विकत घेतले होते, आणि ते हरवलेल्या यादीत आहेत याची त्यालाही कल्पना नव्हती. जिथे खुद्द मालकाला ठाऊक नव्हते तिथे कोणत्या आतल्या गोटाला ठाऊक असणार? या शोधांच्या आधी कोणती कुजबुज नव्हती आणि असणे शक्यही नव्हते. जोसमधले भाग हा अपवाद आहे, कारण तिथे शोध आणि घोषणा यांच्यामध्ये बराच काळ गेला आणि काही माणसांना गोष्ट कळली. त्या एका अपवादावर पुढच्या सगळ्या अफवांचा इमला उभा आहे.

१९९६ सालचा ऑस्ट्रेलियातला शोध मला सर्वांत प्रिय आहे. तिथल्या सेन्सॉरने १९६० च्या दशकात या मालिकेतील भीतिदायक वाटलेले क्षण कापून टाकले होते: कोणाचा गळा दाबला जातो, कोणी किंचाळते, एखादे अक्राळविक्राळ यंत्र माणसावर चाल करून येते. मूळ भाग पुढे नाहीसे झाले, पण कापलेल्या फिल्मच्या पट्ट्या सरकारी दप्तरात जपून ठेवलेल्या होत्या. दोन चाहत्यांनी चिकाटीने कागदपत्रांचा माग काढत त्या शोधल्या. काही सेकंदांचेच तुकडे ते, आणि ज्यांना मुलांनी पाहू नये म्हणून कापले गेले होते नेमके तेच आज अनेक हरवलेल्या भागांचे एकमेव हलते अवशेष आहेत. या दोघांनी "आम्हाला काहीतरी कळले आहे" असे म्हणत कोणाला झुलवले नाही. सेन्सॉरच्या नोंदी वाचल्या, अर्ज केले, पाठपुरावा केला. अशाच प्रकारच्या माणसांनी १९६० च्या दशकात घरी बसून टेपरेकॉर्डरवर मालिकेचा आवाज जपला होता. कोणी दूरचित्रवाणी संचासमोर मायक्रोफोन धरून, कोणी तारा थेट संचाच्या आत जोडून. त्यांच्यामुळे प्रत्येक हरवलेल्या भागाचा संपूर्ण ध्वनी आज उपलब्ध आहे. या समुदायाला अभिमान वाटावा अशी खरी परंपरा ही आहे, आणि तिच्यात पुराव्याशिवाय एक शब्दही कोणी उच्चारलेला नाही.

अफवेमुळे या कामालाही धक्का लागतो असे मला वाटते. समजा एखाद्या वृद्ध संग्राहकाकडे खरोखरच एक डबा आहे. तो बाहेर काढावा की नाही या विचारात असताना त्याच्या कानावर येते की अशा डब्यांची किंमत अवाच्या सवा आहे, किंवा ते बाळगणाऱ्यांना चोर म्हटले जाते आहे, किंवा ज्याने मागच्या वेळी भाग आणून दिले त्याच्यावर बाकीचे दडवल्याचा आरोप झाला. असा माणूस पुढे येईल की डबा आणखी आत ढकलेल? त्याचा विश्वास मिळवायला शांतपणा लागतो, वेळ लागतो आणि मुख्य म्हणजे बोलण्यावर संयम लागतो.

तो संयम या समुदायाच्या अंगी आहे, हे मी एका घटनेमुळे ठामपणे म्हणू शकतो. ती घटनाही २०१३ चीच, महा-अफवा ऐन भरात असतानाची. 'द नेम ऑफ द डॉक्टर' हा पर्वाचा अखेरचा भाग १८ मे रोजी प्रसारित व्हायचा होता. त्याच्या शेवटी जॉन हर्ट यांच्या रूपाने एक असा डॉक्टर समोर येणार होता ज्याविषयी कोणीच काही ऐकले नव्हते. प्रसारणाच्या आठवडाभर आधी त्या पर्वाच्या डिस्क अमेरिकेतील दोनशेहून अधिक ग्राहकांना चुकून पाठवल्या गेल्या. बीबीसीने त्यांना विनंती केली की शेवट फोडू नका. रहस्य टिकले तर तेव्हाचे डॉक्टर मॅट स्मिथ आणि त्यांच्या आधीचे डेव्हिड टेनंट यांची एक खास चित्रफीत सर्वांसाठी प्रसिद्ध करू. या माणसांचे एकमेकांशी नाते नव्हते, त्यांच्यावर कसला करार बंधनकारक नव्हता, आणि त्यांच्या हातात जे होते त्याने त्यांना एका रात्रीत त्या जगातले सर्वांत मोठे जाणकार बनवले असते. रहस्य टिकले. १८ मे रोजी लाखो प्रेक्षकांनी तो शेवट त्यांना दाखवायचा होता तसाच पाहिला. या प्रसंगाचा विचार करताना मला दर वेळी वाटते की ज्यांना खरोखर ठाऊक असते त्यांना ते सांगण्याची घाई नसते, कारण त्यांच्या लेखी गोष्टीचे मोल ती आपल्याला आधी कळण्यात नसून ती सर्वांना नीट भेटण्यात असते.

'द वेब ऑफ फिअर'चा तिसरा भाग अजूनही चर्चेत येत असतो. जोसमध्ये आपण कथेचे सहाही भाग पाहिले होते, पण फिल्म इंग्लंडला पोहोचेपर्यंत तिसरा भाग गायब झाला, असे मॉरिस यांनी सांगितले आहे. बीबीसीने २०२१ साली या भागाची ॲनिमेशन केलेली आवृत्ती प्रसिद्ध केली. लष्करी अधिकारी लेथब्रिज-स्टुअर्ट, जो पुढे मालिकेतील सर्वांत लाडक्या पात्रांपैकी एक झाला, तो प्रथम याच भागात नीटपणे समोर येतो, म्हणून त्याची ओढ मलाही आहे. तो एका खासगी संग्राहकाच्या ताब्यात आहे, सौदा ठरत आला आहे, यंदा नक्की, असे सांगणारे अधूनमधून भेटतात. त्यांना मी तीनच गोष्टी विचारतो: ती प्रत स्वतः पाहिलेल्या माणसाचे नाव काय, तिच्यातील एखादी चौकट किंवा डब्यावरची खूण दाखवता येईल का, आणि हे कोणत्या तारखेपर्यंत खरे ठरले नाही तर तुम्ही ते मागे घ्याल. तिसऱ्या प्रश्नावर संभाषण बहुधा थांबते. ज्या दिवशी एखादा जण तारीख सांगेल, त्या दिवशी मी ती वहीत लिहीन आणि त्या तारखेची वाट पाहीन.